शैलाक्कांचं हलकं धनुष्य

बाण लागो वा चुको, शैलाक्का एकच शब्द म्हणायच्या, "पुढचा!" लागला म्हणून हसायच्या नाहीत, चुकला म्हणून हळहळायच्या नाहीत. त्या न्यूझीलंडमधल्या हेन्डरसनच्या एका फार्मसीत फार्मासिस्ट होत्या. काउंटरवर दिवसभर "नेक्स्ट प्लीज" म्हणायची सवय त्यांनी मराठीत करून तिरंदाजीच्या मैदानावर आणली होती. शेजारी उभा राहून मी माझ्या एका चुकलेल्या बाणाचं सुतक पाळत असायचो, तोवर त्यांचे बाकीचे बाण जाऊन बसलेले असायचे.

आमची ओळख माझ्या दुखऱ्या खांद्यामुळे झाली. टेकड्यांच्या बाजूला धनुर्धाऱ्यांचा एक क्लब होता, त्यात मी काही महिन्यांपूर्वी दाखल झालो होतो. क्लबात मी एकटाच भारतीय. लोक कौतुकाने बघायचे आणि खोटं कशाला बोलू, ते मला फार आवडायचं. माझं धनुष्य सेकंडहँड आणि धोंड्यासारखं जड, त्यामुळे रविवारी नेम धरला की सोमवारी मलम लावायचं असा क्रम होता. एकदा मलम घेताना मी फोनवर बायकोशी मराठीत बोलत होतो, तर काउंटरमागून खणखणीत कोल्हापुरी आवाज आला, "काय उचललंस रे एवढं?"

"धनुष्य," मी म्हणालो.

ह्या पन्नाशीच्या बाई आता हसणार, असं वाटलं. पण त्यांनी मलमाची ट्यूब हातातच धरून ठेवली आणि विचारलं, "त्यानं बोकड मारता येतो?"

त्यांचं दुःख मला नंतर कळलं. न्यूझीलंडला येऊन इतकी वर्षं झाली, घर झालं, मुलगा मोठा होऊन पर्थला गेला, पण मनासारखं मटण काही मिळालं नव्हतं. सुपरमार्केटात जिकडेतिकडे लॅम्ब. "लॅम्ब म्हणजे मटण नव्हं रे. तांबड्या रश्श्यात घातलं की रस्सा रडतो," असं त्या म्हणायच्या. इकडे डोंगरातल्या शेतांवर रानटी बोकडांचा सुळसुळाट. शेतकरी त्यांना इतके वैतागलेले की शिकाऱ्याला स्वतः फाटक उघडून देतात. हे मी सांगितलं, आणि पुढच्या रविवारी अक्का अवोन्डेलच्या बाजारातून थेट क्लबात हजर. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि पिशवीतून मेथी डोकावतेय.

धनुष्य कसं धरायचं, हे त्यांना मी शिकवलं. हे वाक्य मी पुढची कितीतरी वर्षं जो भेटेल त्याला सांगत असे, कारण वर्षभरात सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच उरलं. मी वारा बघायचो, अंतर मोजायचो, श्वासाचा हिशोब करायचो. त्या नुसत्या बघायच्या आणि सोडायच्या. "हाताला विचार की, मंदार. डोक्याला कशाला विचारतोस? ते पुण्याचं आहे, वाद घालत बसतंय." क्लबातले लोक आता त्यांच्याकडे कौतुकाने बघायचे. "युअर आंटी इज अमेझिंग, मेट," असं मला येऊन सांगायचे. मी मान डोलावायचो.

मग त्यांचा खांदा आखडला. हात वर जाईना. फिजिओथेरपिस्टने सांगितलं की जड धनुष्य बंद, नाहीतर खांदा कायमचा जाईल. अक्का त्या दिवशी क्लबात बाकावर बसून राहिल्या, "पुढचा" म्हणायलाही काही नव्हतं. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. आणि आता क्लबाच्या स्पर्धेत माझं नाव त्यांच्या वर लागेल, हेही मनात येऊन गेलं. दोन्ही एकदमच आलं, त्याला मी काय करणार?

त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांना शिकारीच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेलो. तिथे काउंटरच्या मागे भिंतीवर एक नवं कंपाउंड धनुष्य टांगलेलं होतं. दोन टोकांना चाकं असतात ना, त्या जातीचं, पण मुठीचा दांडा जाळीसारखा कोरून काढलेला, पाती आखूड आणि अंगावर रानातल्या पानांची छपाई. कित्येक शनिवार मी ते नुसतं बघून परत येत होतो. हातात कधी मागितलं नाही, कारण हातात घेतलं की घ्यावंच लागलं असतं. "हे बघा अक्का, वजनच नाही म्हणे ह्याला," मी बोललो. माझ्या ह्याच जिभेने बोललो. अक्कांनी दुकानदाराला ते खाली काढायला लावलं, एकदा दोरी ओढली, हळूच परत आणली आणि म्हणाल्या, "मंदार, खांदा बोलला नाही रे!" दुकानदार म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे झकास. खोक्यात भरलेलं ते धनुष्य गाडीपर्यंत मीच वाहून नेलं.

पुढच्या रविवारी सगळा क्लब त्याभोवती. अक्का कौतुक सांगत होत्या, "पहिल्यांदा दोरी जरा कुरकुर करते, मग चाकं वळली की एकदम मऊ. ओढून धरलंय हेच विसरायला होतंय." बाण सुटला की आवाजही नाही, नुसता श्वास सोडल्यासारखा. मी हात पुढे केला, तर त्यांनी ते छातीशी धरलं. "दसऱ्याला पूजा होऊ दे. तोवर दुसऱ्याचा हात लागायचा नाही." मी विचारलं, हे कुठलं शास्त्र? "आमच्या घरचं. नवं हत्यार आहे." दसऱ्याला अजून आख्खा हिवाळा जायचा होता. मी रविवारमागून रविवार शेजारी उभा राहिलो, माझा धोंडा उचलत आणि त्यांच्या हातातल्या पिसाकडे तिरक्या डोळ्याने बघत. माझा चेहरा लपत नसावा. "जळतोयस नव्हं?" त्या विचारायच्या. "छे हो," मी म्हणायचो. "जळ की. जळला नाहीस तर शिकशील कसा? पुढचा!"

त्यांच्याकडचा दसरा पाहण्यासारखा असे. इथे ऑक्टोबरात आपट्याची पानं कुठून आणणार? त्या अंगणातल्या कोवाईच्या झाडाची पिवळीधमक फुलं सोनं म्हणून वाटायच्या. त्या वर्षी पाटावर विळी, फार्मसीतला जुना खल, त्यांच्या यजमानांचा, घाटगेरावांचा, ड्रिल आणि मधोमध ते धनुष्य होतं, हळदकुंकू लावलेलं, डेझीच्या फुलांचा हार घातलेलं. कुंकू जरा ओलं झालं होतं आणि मुठीच्या वरच्या कोरीव खाचेत उतरलं होतं. आरती झाली. अक्का पुऱ्या तळायला आत गेल्या. मी म्हटलं, आता विचारावं.

तेवढ्यात त्यांचे दीर श्रीधरराव पुढे झाले. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, बॉटनी डाउन्सहून आलेले, एरवी मितभाषी इंजिनिअर, पण आज अंगावर झब्बा होता. त्यांनी हार काढला, धनुष्य उचललं, टीव्हीच्या दिशेने पवित्रा घेतला आणि बाण न लावताच दोरी कानापर्यंत ओढली. "काढा फोटो! रावणवध!"

कंपाउंड धनुष्याची रिकामी दोरी कधी सोडायची नसते. बाणाला मिळायचा तो सगळा जोर धनुष्याच्याच अंगात शिरतो आणि पाती चिरफाळतात. शिकवणीतला हा पहिला धडा, पण तो श्रीधररावांना कोण देणार?

"सोडू नका!" मी ओरडलो.

"मग काय करू?"

"तसंच धरा!"

"किती वेळ?" त्यांचं कोपर थरथरायला लागलं होतं. ओढून धरायला सोपं, पण परत आणताना चाकं उलटी फिरली की ते हिसडा मारून हात ओढून नेतं, हे त्यांना आता कळत होतं. सुटू दे, असं माझ्या मनात आलं आणि पाय मात्र धावले. मी मागून त्यांना मिठी घातली, त्यांच्या दोन्ही हातांवर माझे हात ठेवले आणि आम्ही दोघं, घामाघूम, पोटाला पाठ लावून, ती दोरी इंच इंच माघारी आणली. त्यांच्या पत्नीने फोटो काढला तो नेमका ह्याचा.

ते धनुष्य माझ्या हातात पहिल्यांदा आलं ते असं. श्रीधरराव सोफ्यावर कोसळले आणि मी ते धरून उभाच राहिलो. एवढं हलकं काही इतक्या ताकदीचं असू शकतं, ह्यावर हाताचा विश्वास बसेना. मूठ माझ्याच तळव्यासाठी घडवल्यासारखी बसली होती. आत्ता इथून दार उघडून गाडीत बसावं, असं वाटलं.

दारात अक्का झारा घेऊन उभ्या. "भावजी, श्रीखंडातली साखर अजून पोटात गेली नाही तोवरच रावण मारायला निघालात?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "धरलंस ना शेवटी? कसं आहे?"

"हलकं आहे," मी म्हणालो.

"मग आता चांगला जळ," त्या म्हणाल्या आणि ताटात पहिली पुरी मला वाढली.

त्या उन्हाळ्यात आम्ही एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या डोंगरावर गेलो. मी धोंड्यासकट धापा टाकत चढत होतो, अक्का पुढे तुरुतुरु. बोकड आधी दिसला तो मला. मी वारा पाहिला, अंतर मोजलं, श्वास रोखला आणि माझा बाण झुडपात गेला. बोकड दचकून वळला, तोच माझ्या कानाजवळ तो श्वास सोडल्यासारखा आवाज झाला. ह्या वेळी मात्र अक्का "पुढचा" म्हणाल्या नाहीत. त्या बोकडाजवळ जाऊन खाली बसल्या, हात जोडले आणि बराच वेळ उठल्या नाहीत. रविवारी त्यांच्या घरी तांबडा रस्सा झाला. मी तोंड पाडूनच जेवायला बसलो, आणि तीनदा रस्सा मागून घेतला.

काही वर्षांनी अक्कांचा खांदा पुन्हा गेला. आता हलकं धनुष्यही नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. घाटगेराव निवृत्त झाले होते आणि मुलगा पर्थला बोलावत होता. जायचं ठरलं. धनुष्य कोणाकडे जाणार, ह्यात मला शंका नव्हती. शिकवलं मी, दाखवलं मी, वाचवलं मी. मी गॅरेजच्या भिंतीवर एक खुंटी ठोकून ठेवली.

शेवटच्या रविवारी अक्कांनी क्लबात सगळ्यांना लाडू वाटले आणि खोकं उघडून धनुष्य अरोहाच्या हातात दिलं. अरोहा ही आमच्याकडची बसड्रायव्हर. माओरी, चाळिशीची, मोठ्याने हसणारी. रग्बी खेळताना कधीतरी खांदा निखळला होता, त्यामुळे क्लबात येऊन ती बहुतेक वेळा इतरांचे बाण गोळा करायची. ती रडायलाच लागली. तिने माओरी रीतीप्रमाणे अक्कांच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. मी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी वाजवायलाच हव्या होत्या.

अक्कांना घरी सोडताना मी गाडीत रेडिओ मोठा केला. सिग्नलला त्याच म्हणाल्या, "बोल की. पोटात ठेवलंस तर ॲसिडिटी होईल."

"मला द्यायला हवं होतं, अक्का."

"तुला कशाला?"

"मला ते पहिल्यापासून हवं होतं. तुमच्या आधीपासून."

"हवं होतं ते भिंतीवर लावायला. तिला खांद्यासाठी हवंय." थोड्या वेळाने हसल्या. "आणि तुला दिलं असतं, तर तू जळला असतास कुणावर? मी यायच्या आधी तू महिन्यातून एकदा यायचास क्लबात, ते सेक्रेटरीनं सांगितलंय मला. माझ्यावर जळायला लागलास आणि एक रविवार चुकवला नाहीस. तेवढं तरी तुझ्याकडे राहू दे रे."

सिग्नल सुटला, मी गाडी पुढे घेतली. त्या पर्थला गेल्या. खुंटीला सध्या सायकलचा पंप टांगलेला आहे.

मी रविवारी जातो, चुकवत नाही. शेजारच्या पट्ट्यावर अरोहा असते. मुठीच्या वरच्या खाचेत ते कुंकू अजून आहे, तिने पुसलेलं नाही. काय आहे ते मी तिला एकदा सांगितलं, तेव्हापासून ती तिथे बोट टेकवते आणि मगच दोरी ओढते. परवा तिचा बाण साफ चुकला, पाटीच्याही बाहेर गेला. आता ही हळहळणार, म्हणून मी जरा सुखावून बघत होतो. तिने भात्यात हात घातला आणि तिच्या त्या गोल उच्चारात म्हणाली, "पुढचा!"

अक्कांनी तिला हेही देऊन टाकलं होतं. माझ्या छातीत असं काही भडकलं की मी वारा बघितला नाही, अंतर मोजलं नाही. धोंडा उचलला आणि बाण सोडला. तो नेमका मध्यभागी जाऊन बसला.

अक्कांना दाखवायला मी शेजारी वळलो, तर तिथे अरोहा होती.