मामाविना उष्टावण

देवीवर मी याआधीही चिडले आहे, पण इतकी कधीच नाही.

घोडपदेवच्या आमच्या खोलीत नातवाला सातवा महिना लागला तरी त्याच्या तोंडाला अन्नाचा कण लागला नव्हता. उष्टावण मामाच्या हातून व्हायचं, तेही गावच्या देवीने कौल दिल्यावर, ही आमची रीत. मामा बोटीवर नोकरीला, आणि देवीला लावलेलं फूल काही केल्या उजवीकडून पडेना. गावाहून जाऊबाई फोनवर सांगायच्या, "कौल अजून गावलो नाय हां. घाई करू नको." त्यांचं काय जातंय? इथे पोर आमच्या ताटांकडे बघत रिकामं तोंड हलवायचं. सुनेचं दूध त्याला पुरेनासं झालं होतं. अंगणवाडीतल्या बाईंनी वजन वाढत नाही म्हणून बजावलं होतं. मुलगा म्हणे, "आई, रीत मोडली आणि काही झालं तर?" त्याला कुठल्या तोंडाने बोलणार? हा भित्रेपणा माझाच. तरुणपणी मी मोठी शहाणी! हा मुलगा तान्हा असताना याचे गाल भरावेत म्हणून दुधाच्या डब्यावरचं गुबगुबीत बाळ कापून देव्हाऱ्यात ठेवलं होतं, त्याला रोज हळदकुंकू वाहायचे. पावडर मात्र डबा जास्त दिवस पुरावा म्हणून चिमटीने घालायचे. डोक्यावर एवढा मोठा अंबाडा, आत नुसती हवा.

एका दुपारी गल्लीतल्या देवीच्या देवळात महाप्रसाद होता. मूर्तीसमोर उभी राहून मी सरळ म्हटलं, "तू रोज नैवेद्य खातेस आणि माझं पोर उपाशी. आई म्हणवतेस ना गं स्वतःला?" आणि तशीच फणफणत सुनेशेजारी पंगतीला बसले. नातू मांडीवर. पान वाढताच त्याने भातात हात घातला. मी त्याची मूठ घट्ट धरली, तसं त्याने देऊळ डोक्यावर घेतलं.

भात वाढणारा, कोण कुठला, थांबला. "आजी, खाऊ द्या की त्याला."

"उष्टावण व्हायचंय त्याचं. मामा नाही इथे."

"एवढंच ना?" पातेलं खाली ठेवून तो सुनेकडे वळला. "ताई, नाव काय तुझं?"

"सुरेखा."

"सुरेखा, मी तुझा भाऊ. देवीसमोर बोलतोय. चालेल?"

सुनेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान हलवून मोकळी झाली. त्याने हात धुतले, वरणभात बोटांनी अगदी मऊ कुस्करला, त्यावर तूप सोडलं. मी ओरडायला तोंड उघडलं, नातवाने खायला. माझी मूठ कधी सुटली, कळलंच नाही.

"भाचा खादाड आहे हं, आजी!" म्हणत तो पातेलं उचलून पुढच्या पंगतीला गेला. नाव विचारायचं राहिलं. मी डोळे पुसत सुनेला सांगत होते, भाजी फार तिखट झालीय म्हणून.

जाऊबाई अजून रुसलेल्या आहेत. नातवाचं वजन वाढतंय. मी देवीच्या हुकमाची वाट पाहत बसले होते आणि तिला माझ्याच मुठीतून पोराचा हात सोडवून घ्यावा लागला. आई, तुझे उपकार. आता तो बिनदिक्कत माझ्या ताटात हात घालतो, वरण माझ्या पदराला पुसतो. मी ओरडते. हात मात्र धरत नाही.