वर्ना टॅकेटचा विसरलेला चष्मा

केंटकीच्या डोंगरातल्या कटलर फोर्क गावात वर्ना टॅकेट वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची आणि चष्मा विसरायची. बँकेत विसरायची, दवाखान्यात विसरायची. अठ्ठावन्न वर्षांत तिनं चष्मा विकत घेतलेला मात्र कुणी पाहिला नव्हता. सही तेवढी झोकात करायची. बाकी वाचणं तिला जमलंच नाही. सुटी अक्षरं ओळखायची, पण शब्दात एकत्र आली की ती माशांसारखी उडायची. तिच्या वेळी शाळेत याला एकच नाव होतं, ढ. हे गुपित नवऱ्यालाही न कळता तो बिचारा वारला.

नऊ वर्षांची नात मेसी तिच्यापाशीच वाढत होती. तिच्याही डोळ्यांपुढे अक्षरं उडायची. पण आता काळ सुधारला होता. आता पोराला ढ म्हणत नाहीत, तीन इंग्रजी अक्षरं चिकटवतात. शाळेच्या बैठकीत सहा विद्वान पहिलीच्या इवल्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि ‘एलआरई बघता आयईपी बदलू, फेपला धक्का नाही’ असं गंभीरपणे बोलत. गंमत म्हणजे वर्नाला ही भाषा चटकन आली. तीन-चार अक्षरांपर्यंत तिची गाडी अडत नव्हती, आणि वाचता न येणाऱ्याचे कान तिखट असतात. आयईपी म्हणजे पोरीला वर्षभर काय शिकवायचं त्याचा करार, एलआरई म्हणजे होईल तेवढं तिला सगळ्यांच्याच वर्गात बसवायचं, आणि फेप म्हणजे फुकट पण धड शिक्षण. दर बैठकीला पालकांच्या हक्कांची जाड पुस्तिका हातात पडायची. अशा आठ पुस्तिका वर्नानं स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातल्या होत्या, आणि टेबल आता मुळीच हलत नव्हतं.

त्या एप्रिलमध्ये विशेष शिक्षणाच्या प्रमुख मिसेस हार्गिस यांनी मधाळ आवाजात सांगितलं, “आनंदाची बातमी आहे, मिसेस टॅकेट! मेसी आता वर्गाच्या बरोबरीनं वाचते. तिचे वाचनाचे चार जादा तास बंद करू या.”

वर्नाला मात्र घरचं ठाऊक होतं. घरी ही पोरगी बिस्किटांच्या पुड्यावरचं नावसुद्धा चित्र बघून सांगायची. ते तास गेले तर हीही जन्मभर चष्मा विसरत हिंडणार.

“मला नाही पटत.”

“तुमच्या भावना आम्ही नोंदवल्या हं.”

पालकांना फुकट सल्ला देणाऱ्या फोनवर भेटलेल्या एका बाईनं वर्नाकडून एक वाक्य घोटून घेतलं होतं. तिनं ते म्हटलं, “मग तसं लेखी द्या. कारणांसकट. कायदाच आहे तो.”

खोलीत घसे खाकरले गेले. तोंडानं आभाळ द्यायला तयार असलेली ही मंडळी कागद म्हटला की दचकतात. पण हार्गिसबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी तिथल्या तिथे टाइप केलं, छापलं आणि कागद पुढे सरकवला.

“घ्या. वाचून बघा.”

“चष्मा विसरले,” सवयीनं वर्नाच्या तोंडून निघून गेलं. “मेसी वाचेल. वर्गाच्या बरोबरीनं वाचते ना?”

कोपऱ्यात चित्र काढत बसलेली मेसी आली. तिनं कागदावर बोट ठेवलं. पहिला शब्द कसाबसा पार पडला. दुसऱ्यावर बोट थांबलं, ते हलेचना. तिचे कान लालबुंद झाले. ते लाल कान वर्नाच्या ओळखीचे होते, आणि पोरीला सगळ्यांपुढे उभं केल्याबद्दल तिला स्वतःचा भयंकर राग आला.

“ठेव, बाळा. मलाही नाही येत.”

“तुमचा चष्मा नाही म्हणून—” हार्गिसबाई म्हणाल्या.

“चष्मा कधी नव्हताच, बाई. मला वाचताच येत नाही. याच शाळेत सहावीपर्यंत होते मी. दरवर्षी वर्गाच्या बरोबरीनं आहे असं लिहूनच मला वर ढकलायचे.”

हार्गिसबाईंनी कागद हळूच परत ओढला. मेसीचे चार जादा तास कायम राहिले.

घरी जाताना पिकअपमध्ये मेसी आजीकडे वळून बसली. म्हणाली, “आजी, मग चर्चमध्ये स्तोत्रांचं पान कधी उलटायचं ते तुला कसं कळतं?”

“शेजारची उलटते ना, तेव्हा.”

मेसीनं मान डोलावली. “मीपण वर्गात तसंच करते. बाईंना वाटतं, मी वाचतेय.”