गिलाव्याला मारलेलं पाणी
शेजारी गिलावा चाललाय आणि ओल्या सिमेंटच्या वासाने माझं मनगट ठणकायला लागलंय. लातूरच्या घराची दुरुस्ती काढली तेव्हा नळाला पाणी नव्हतं. टँकरच्या पाण्यात अंघोळी कशाबशा उरकून मी नव्या भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं होतं. तरी एका दुपारी गिलाव्याचा भलामोठा पोपडा सासूबाईंच्या उशीवर कोसळला. त्या चहाला उठल्या होत्या म्हणून वाचल्या. ठेकेदाराला बोलावून मी नखाने भिंत उकरून दाखवली, तर नुसती वाळू गळत होती. तो म्हणाला, "वैनी, माल चांगला हाय. तुम्ही पाणीच मारलं न्हाई." मी त्याच्या मिस्त्रीचा हातोडा उचलला आणि ती भिंतच फोडायला लागले. "येडी झाली का बाई!" म्हणत त्याने माझं मनगट पिरगाळलं. तेवढ्यात सासूबाईंची काठी त्याच्या खांद्यावर बसली. "सोड तिला! आमच्या अंघोळीचं पाणी पिलंय या भिंतीनं!" त्याची पकड सुटली. मी हातोडा उगारला तसा तो वळून पळाला, उंबऱ्याला अडखळून अंगणात तोंडावर पडला आणि त्याचा ओठ फुटला. त्याच्या कानाशेजारी मी हातोडा असा आपटला की फरशी तडकली. भिंत त्याने पुन्हा केली आणि पाणीही स्वतःच मारलं. मी समोर खुर्ची टाकून बसले होते. हातोडा मी अजून परत दिलेला नाही.