कुणाचंही नाव घालायचं नाही

दर तीन महिन्यांनी आमच्या एचआरला टीम कल्चरचा झटका येतो. भिंतीवर कौतुकाच्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवा, एकमेकांना टाळ्या द्या, डोळे मिटून मागे पडा म्हणजे सहकारी झेलतील. अहो, मी चाळिशीची, कंबरदुखीची पेशंट, मला कोण झेलणार! इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुलावर तासभर अडकून आलेल्या माणसाला आधी चहा विचारावा, एवढंही या लोकांना सुचत नाही.

मला मात्र भारी घमेंड होती की आपल्याला असले खेळ लागत नाहीत. पुण्याहून इथे येऊन टीम लीड झाले, तेव्हाच मी एक नियम केला होता. काम कुणीही करो, रिपोर्टात नाव टीमचं. माझंसुद्धा घालायचं नाही. आधीच्या ऑफिसात श्रेयावरून चाललेली लाथाळी बघून विटले होते मी. आणि नियम लागूही पडला. कुणी आजारी पडलं तर दुसरा न सांगता त्याचं काम उचलायचा, नवीन काही सुचलं तर लपवून न ठेवता सगळ्यांपुढे मांडायचा. बाकीचे लीड विचारायचे, कसं काय जमवलंस गं? मग काय, मी चांगली अर्धा तास फुशारकी मारायची.

टीममध्ये बेळगावकडची एक मुलगी आहे. सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, घरी मराठी, बाहेर कन्नड, मला अक्का म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या डोक्याने अशी काही पद्धत बसवली की आठवडाभर चालणारी तपासणी एका दिवसात उरकायला लागली. यंदा तिचं प्रमोशन व्हायलाच हवं होतं. मी शिफारस केली आणि निर्धास्त झाले.

प्रमोशन ठरवणाऱ्या समितीने नाकारलं. कारण काय, तर 'वैयक्तिक कामाचा पुरावा नाही.'

माझं डोकंच फिरलं. तशीच तरातरा समितीतल्या बाईंकडे गेले. म्हटलं, "ती पद्धत तिचीच आहे, अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे!" बाईंनी शांतपणे लॅपटॉप माझ्याकडे वळवला. दोन वर्षांचे रिपोर्ट, सगळे माझ्याच हातचे. म्हणाल्या, "यात तिचं नाव दाखवा." दाखवते, कपाळ! जिथे बघावं तिथे टीम, टीम आणि टीम. आत्ता लिहून देते म्हटलं, तर मुदत संपली म्हणे, पुढच्या वर्षी बघू. बाहेर येऊन मी आधी समितीला शिव्या घातल्या, मग एचआरला घातल्या. मग शिव्या घालायला मीच तेवढी उरले.

तिला सांगायचं कामही माझ्याचकडे आलं. कँटीनमध्ये कॉफी घेऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं, रिपोर्टांचंसुद्धा.

"असू दे की ओ अक्का," ती म्हणाली.

भांडली असती तर बरं वाटलं असतं. उलट मीच चिडले. "अगं, पण तू एकदा तरी बोलायचंस ना, माझं नाव घाला म्हणून!"

"तुमचा नियम सगळ्यांना आवडायचा. मी एकटीनं कसा मोडायचा?" मग म्हणाली, "बाबांना सांगितलं होतं मी, हे मी केलंय म्हणून. ते काम झालं तेव्हा ऑफिसात केक कापला होता बघा, त्याचा फोटो पाठवला. तर ते म्हणाले, केक तर दुसऱ्याच बाई कापायला लागल्यात."

"मग?"

"मग काय. म्हटलं, त्या आमच्या अक्का. त्यांनीच केलंय ते काम."

मला अशी लाज वाटली की वर बघवेना. टीमच्या वतीने म्हणून मीच कापला होता तो केक. तिला पुढे बोलवावं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.