अंगणातल्या कॅमेऱ्यातले बाबा

माझे बाबा फोनवर बोलत नसत, कॅमेऱ्याशी बोलत. हसू नका, खरं सांगून राहिली.

मोहगावजवळच्या आमच्या गावी घरात दोघंच राहायचे, बाबा आणि त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या. ती ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती तिथलीच झाली. संत्र्याची तोड झाली की माल अंगणात पडलेला असायचा आणि रात्रीतून चोरीला जायचा, म्हणून नागपूरच्या माझ्या भावानं अंगणात कॅमेरा लावून दिला. समोर काही हललं की तो रेकॉर्ड करायचा. ते त्याच्या मोबाईलवर दिसायचं आणि माझ्याही. त्यात आवाजसुद्धा येतो हे बाबांना कळलं आणि झालं! रोज जेवण आटोपलं की केसांवर कंगवा फिरवून ते कॅमेऱ्याखाली उभे राहायचे आणि बगीच्याच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला हाका माराव्या तसे ओरडायचे.

"बाई! जेवलो मी! भरीत होतं! तुया आत्यानं मीठ लय टाकलं!"

आतून आत्या ओरडायची, "खोटं बोलून राहिला तो!"

पांढुर्ण्याला आमचं साड्यांचं दुकान आहे. दुकान बंद करून घरी आली की मी ते पाहायची. एखाद्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी पाहायची. महिन्याभरापूर्वीचंही सगळं सापडायचं. वेगळं जपून ठेवावं असं कधी मनातच आलं नाही. फळीवरच्या साड्या कुठं जातात? पाहिजे तेव्हा काढायच्या.

बाबा गेले ते झोपेतच. सकाळी उठलेच नाहीत. आदल्या दिवशी दुकानात लगीनसराईची ही गर्दी, नवरीकडची मंडळी गादीवरून हलायला तयार नाहीत, म्हणून त्या रात्रीचं बाबांचं बोलणं माझं पाहायचं राहिलं होतं. सरणाला अग्नी दिला आणि मला एकदम आठवलं, अरे, बाबांचं एक बोलणं अजून बाकी आहे. सगळं संपलं नाही. त्या एका गोष्टीवर मी उभी होती.

घरी आल्याबरोबर मोबाईल काढला तर आत्यानं माझा हात धरला.

"तेरवी होऊ दे बाई. तवरोक त्याचा आवाज ऐकू नोको. जीव घुटमळते, वाट सुटत नाही."

मी एरवी कोणाचं ऐकणारी नाही. गिऱ्हाईक असो की नवरा, वाद घातल्याशिवाय माझं अन्न पचत नाही. पण त्या दिवशी निमूट मोबाईल पदराखाली ठेवून दिला. खरं असलं तर? माझ्यामुळं बाबांची वाट अडायला नको. भावाचंही ते पाहायचं राहिलं होतं. त्यालाही तिनं तेच सांगितलं, त्यानंही मान हलवली.

मग माणसं यायला लागली. मोहगावची, लोधीखेड्याची, सौंसरची, कधी तोंडं न दाखवलेले नातेवाईक, बाबांच्या बाजारातले ओळखीचे. रोज सतरंज्या अंथरायच्या, रोज चहाची पातेली चढायची. बायका बसायला यायच्या त्या दिवस बुडेपर्यंत बसायच्या. त्यांची पोरं अंगणभर धावायची. मंडपवाला आला, आचारी आले, भट्टी पेटली. कॅमेरा वरून सगळं पाहत होता आणि मी मनात म्हणायची, थांब, तेरवी होऊ दे, मग मी आणि बाबा.

तेराव्या दिवशी तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. मी ओट्यावर बसली, डोळे पुसले, मोबाईल उघडला आणि मागे जायला लागली. आचारी. पोरं. बायका. आणखी मागे. मंडपवाला बांबू आणून राहिला. त्याच्या मागे काहीच नाही. रिकामं! मी पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. बांबू. त्याच्या आधी कोरं. बाबा नाहीत, बाबांची अंत्ययात्रा नाही, रडणारी मी नाही.

सौंसरहून कॅमेरेवाल्याला बोलावलं. त्यानं शिडी लावली, कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं आणि मान वर न करताच म्हणाला, "ताई, यात सदाकाळ काही राहत नाही जी. जागा भरली की हा सगळ्यात जुनं पुसते आन् त्या जागी नवं भरते."

"आजवर तर महिन्याभराचं दिसत होतं!"

"तवा अंगणात हलणारे दोन माणसं होते न. आता एवढे लोक आले, तुमचा मंडप झाला. हललं की रेकॉर्ड, हललं की रेकॉर्ड. लवकर भरलं."

मला आधी समजलंच नाही. हळूहळू समजलं. म्हणजे बाबांसाठी रडायला आलेल्यांनीच बाबांना ढकलत ढकलत बाहेर काढलं! एकेक माणूस फाटकातून आत आलं आणि बाबांचा एकेक तुकडा गेला. आणि त्या प्रत्येकाला मी हात जोडून "या, बसा" म्हणत होती. मग मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. "मग हे डोंबलाचं यंत्र कायले विकता लोकाईले?" मी त्या माणसावर अशी ओरडली की शेजारीण कुंपणाशी आली. तो बिचारा घाईनं पुन्हा शिडीवर चढला. कार्ड पुन्हा आत घालून, कॅमेरा चालू करून निघून गेला.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "जे उरलं त्याला तरी हात लावू नको. रविवारी येतो, सगळं बसून पाहतो."

आत्या दारात उभी होती. "गेलं का सगळं?"

"हाव."

ती उंबऱ्यावर मटकन बसली. "बरं झालं माय."

"बरं झालं? बापाचा शेवटचा आवाज गेला न् बरं झालं? तुझ्याच पायी थांबली मी! त्याच दिवशी ऐकलं असतं तर ही पाळी आली नसती!" मी काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. ती गप्प राहू शकली असती. कोणाला काय कळणार होतं? पण ती उठली, अंगणात आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"त्या रात्री दादा हितंच उभा होता. म्हणे, बाई, छातीत कसंतरी होऊन राहिलं, गाडी घेऊन ये. मी आतून धावत आली. म्हटलं, दादा, गॅस झाला असन. पोरीच्या दुकानात लगीनसराई, तिले कायले घाबरवतं? सकाळी सांगजो. मंग तो हासला. वर पाहून म्हणे, काही नाही बाई, झोप तू. मी त्याले ओव्याचं पाणी देल्लं. माह्या हातानं देल्लं."

"मग मला त्याच दिवशी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"माहा आवाज होता त्याच्यात," ती म्हणाली. "म्हणून तुले ऐकू देल्लं नाही. वाटलं, तेरवीपावतर हिंमत गोळा करीन न् माह्याच तोंडानं सांगीन. पुसून जाते हे मले कुठं ठाऊक?"

"म्हणजे ते जीव घुटमळते, ते..."

"मीच बनवलं."

दुकानातून इथवर गाडीनं किती वेळ लागतो हे मला माहीत आहे. सौंसरचा दवाखाना किती दूर आहे हेही माहीत आहे. तिला धरून गदागदा हलवावं असं वाटलं. हात उचललाही होता. तेवढ्यात वर नजर गेली. आम्ही दोघी कॅमेऱ्याखालीच उभ्या होतो. तिचा शब्द न् शब्द कार्डात गेला होता. आता या घरात हलणारं माणूस एकच उरणार होतं, म्हणजे ते आपोआप काही लवकर पुसलं जाणार नव्हतं. आणि रविवारी भाऊ येऊन सगळं बसून पाहणार होता. त्याचा राग माझ्या दुप्पट. घर आता त्याच्या नावावर होणार. या बाईला दुसरं घर नाही.

मी मोबाईल काढून कॅमेऱ्याची सेटिंग उघडली; तेवढंच एक पुसायची सोय त्यात नव्हती. आत्या पाहत होती. कार्डावरचं सगळं पुसायचं का, असं मोबाईलनं विचारलं. बायका, पोरं, आचारी, बाबांसाठी जमलेलं ते सगळं गाव होतं त्यात. मी हो केलं.

भावाला सांगितलं, कार्डच खराब निघालं. तो माझ्यावर चिडला, चिडू दे.

आत्याला मी माफ केलं असं कोणी समजू नये. गावी गेली की तिच्या हातचा चहा अजूनही घशाखाली उतरत नाही, मी तसाच ठेवून देते. पण बाबांना शेवटचं ऐकलेलं माणूस साऱ्या जगात ती एकटी आहे. तिला त्या घरातून मी कोणाला काढू देणार नाही.