मुराळीची गाडी

दोन गाड्यांतली कुठली चांगली, हे मला अजून धड सांगता येत नाही. लोक विचारतात, कारण माझ्यासारख्या दाळमिलवाल्याने एवढी महागडी इलेक्ट्रिक गाडी बघायची म्हणजे जळगावात बोलणं होतंच. मी विषय बदलतो.

शोरूममधून चालवून बघायला आणलेल्या दोन्हींपैकी काळी आधी चालवली, फैजपूरपर्यंत. एका चार्जमध्ये ती लांबचा पल्ला गाठते, मागे सामानाला भरपूर जागा. पण सस्पेन्शन कडक. केळीच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर कंबर धरली. पांढरी तिच्या उलट. एरंडोलचे गतिरोधक तिने जाणवूच दिले नाहीत, सीटमधून गार हवा येते, आवाज म्हणून नाही. मात्र काचेचं छत उन्हाळ्यात डोकं तापवतं, आणि एसीची हवा वळवायची तरी स्क्रीनवर बोट फिरवावं लागतं.

पांढरी मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी बाहेर काढली, तिथेच चुकलो.

आखाजीला माहेरवाशिणीला आणायला भावाने मुराळी म्हणून जायचं, ही आमच्याकडची रीत. माझी थोरली बहीण, अक्का, पारोळ्याला असते. गेली काही वर्षं मी ड्रायव्हर पाठवत होतो. यंदा फोनवर म्हणालो, "अक्का, मी स्वतः येतो. जेवायच्या आत घरी पोहोचू." त्या दिवशी ती सासरी जेवत नाही, पहिला घास माहेरचा.

सकाळी पारोळ्याचा फाटा आला तेव्हा गाडी इतकी छान पळत होती की वळावंसं वाटेना. म्हटलं, धुळ्यापर्यंत हायवेवर पल्ला बघू, परतताना अक्काला घेऊ. चार्ज अर्धाच आहे, हे शोरूममध्ये सांगितलं होतं. मी वेगात नेली, एसी जोरात ठेवला, आणि तो भराभर उतरला. धुळ्याजवळच्या चार्जरवर चार्जिंगची एक गन बंद, दुसरीवर टॅक्सी लागलेली. तोवर शेजारच्या हॉटेलात मी शेवभाजी-भाकरी खाऊन घेतली.

परतण्यापुरता चार्ज तसा लवकर झाला. तरी मी गन काढली नाही. ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग किती मंदावतं ते पाहायचं होतं, आणि भोवती माणसं जमली होती. "साहेब, दोन्हींत भारी कोणती?" मी बॉनेट उघडून बोलत सुटलो. मध्येच अक्काचा फोन आला. "रस्त्यातच आहे," म्हणालो, आणि पुन्हा बॅटरीच्या वॉरंटीवर आलो.

पारोळ्याला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दारात अक्काचे दीर उभे होते.

"काय भाऊ, मुराळी बैलगाडीमा उना का?" ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "वहिनी स्टँडवर गयी. म्हने, भाऊ काममा व्हई."

स्टँडच्या बाकावर अक्का बसली होती. नवं लुगडं, मांडीवर पिशवी. गाडी तिच्यापुढे थांबली तरी तिने मान वर केली नाही, कारण गाडीला आवाजच नव्हता. मी उतरून हाक मारली.

"उना का भाऊ?" एवढंच म्हणाली.

मग ती दारावर हात फिरवत राहिली. त्या गाडीचं हँडल पत्र्यात लपलेलं असतं. स्टँडवरचे लोक बघत होते. "हाई उघडस कशी, भाऊ?" मी दार उघडलं, तिला हात दिला. बॅटरी तळाशी बसवलेली असल्यामुळे गाडीतली मागची जमीन उंच. बसल्यावर तिचे दुखरे गुडघे पोटाशी आले. दोन्ही गाड्या मी इतक्या बारकाईने पाहिल्या होत्या, पण मागच्या सीटवर एकदाही बसलो नव्हतो.

"पाय दुखताहेत का?"

"नही. थंडगार शे गाडी." थोड्या वेळाने म्हणाली, "तू जेवना का रे?"

मी "नाही" म्हणालो.

घरी बायको दारातच होती. "अहो, इतका उशीर? अक्का उपाशी असतील!"

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "भाऊ तं सकायमाच उना व्हता. मन्हंच आवरनं नही."

दोघांची ताटं शेजारी मांडली गेली. आमरस, खापरावरची पुरणपोळी. शेवभाजीची तिखट चव अजून माझ्या घशात होती. अक्काने पहिला घास घेतला आणि माझ्या ताटाकडे पाहिलं.

"सकायपासून उपाशी शे तो," ती माझ्या बायकोला म्हणाली. "त्याले आखो एक वाढ."

बायकोने वाढली. मी खाल्ली.