झरोक्यात ठासलेली चादर

हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत वहिनीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नवरा गेल्यावर त्याची धाकटी बहीण तिनं लेकीसारखी वाढवली आणि याच कामाला लावली. पोरीचं तोंड दिवसभर चालू, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. वहिनी तिच्यावर करवादायची, पण ती गप्प बसली की वहिनीलाच चैन पडत नसे.

वर स्वयंपाकघरात धूर ओढायला नवा, दांडगा पंखा बसला. तेव्हापासून लॉन्ड्रीचं दार आत ढकलायला खांदा लावावा लागे, आणि भिंतीतल्या झरोक्यातून बाहेरची दमट, चिकट हवा भसाभसा आत येई. वाळलेल्या चादरी पुन्हा ओलसर! वहिनीचं डोकं फिरलं.

"झरोका बंद करू नका हं," पंखा बसवणारा मिस्त्री म्हणाला. "पंख्याला हवा लागणारच. इथून नाही मिळाली तर तुमच्या बंबाच्या धुराड्यातून ओढेल, विषारी धुरासकट. तो डोळ्यांना दिसायचाही नाही."

"तुमचा पंखा तुम्ही सांभाळा, माझ्या चादरी मी सांभाळते."

त्याची पाठ वळताच तिनं एक जुनी चादर चौपदरी करून झरोक्यात ठासली. चादरी खडखडीत वाळू लागल्या, दारही बोटानं उघडू लागलं. मॅनेजरनं कौतुक केलं आणि वहिनी हरभऱ्याच्या झाडावर चढली.

पुढे गॅसच्या बंबाच्या तोंडाशी काजळी धरू लागली. वहिनी ती रोज पुसायची. स्वच्छतेची हौस दांडगी ना! बंबाशेजारी घड्या घालणाऱ्या टकळीचं डोकं मात्र ठणकायचं.

"वहिनी, गरगरतंय गं."

"कामाचा कंटाळा, दुसरं काय! आणि गाल बघ कसे लाल झालेत. कुणी मनात भरलाय वाटतं?"

टकळी नुसतीच हसली. उलट उत्तर आलं नाही, हे वहिनीला खटकलं. पण वर कपडे पोचवायचे होते. ती गाडी ढकलत निघून गेली.

दुपारच्या जेवणाची गर्दी होती. पंखा नुसता घोंघावत होता. वहिनी परतली तेव्हा लॉन्ड्रीतून बोलण्याचा आवाज येत नव्हता. दार बोटानं उघडलं.

टकळी चादरींच्या ढिगाला टेकून बसली होती, डोळे मिटलेले, मांडीवर अर्धवट घडी. मिस्त्रीचा शब्द न् शब्द वहिनीला आठवला. तिनं धावत जाऊन झरोक्यातली चादर ओरबाडून काढली. वारा आत घुसला, मागचं दार धाडकन आपटलं, टकळीच्या कपाळावरचे केस उडाले.

"बोल गं," वहिनी तिला गदागदा हलवत म्हणाली. "काहीही बोल. मी नाही ओरडणार."